जुन्या डेस्कटॉपला ग्राफिक्स कार्ड घेताना आधी एसएमपीएस पाहावा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत २०१३ ते २०१८ या काळात घेतलेले असंख्य डेस्कटॉप आजही रोजच्या कामात आहेत. कुठे तो मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेला असतो, कुठे लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगसाठी स्टुडिओत बसवलेला असतो, कुठे एखाद्या अभियंत्याच्या कार्यालयात घरांचे नकाशे काढत असतो, तर कुठे पुण्या-मुंबईच्या कंपनीने बदलून टाकल्यावर रीफर्बिश्ड म्हणून स्वस्तात इथवर आलेला असतो. आत बहुधा इंटेलचा चौथ्या ते सातव्या पिढीतला आय३ किंवा आय५ प्रोसेसर, आठ जीबी रॅम आणि प्रोसेसरमधलेच अंगभूत ग्राफिक्स असते. असा संगणक अडखळू लागला की ग्राफिक्स कार्ड बसवण्याचा विचार मनात येतो आणि दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो "कोणते कार्ड चांगले?" हा. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा आहे. जुन्या संगणकाला कोणते कार्ड चालेल हे कार्डाच्या जाहिरातीवरून ठरत नाही. ते एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा), मदरबोर्डचा स्लॉट (मुख्य बोर्डावरची कार्ड बसवायची खाच), कॅबिनेटमधली हवा आणि प्रोसेसर यांवरून ठरते, आणि खान्देशात त्यात उन्हाळा व विजेचा दाब या दोन गोष्टींची भर पडते.

कार्ड नेमके काय करते हे आधी पाहू. प्रोसेसरमध्ये दोन, चार किंवा सहा कोअर, म्हणजे गणना करणारे भाग, असतात आणि ते गुंतागुंतीची कामे एकामागून एक वेगाने उरकतात. ग्राफिक्स कार्डात मात्र शेकडो-हजारो छोटे कोअर असतात. एनव्हिडिया कंपनीच्या जीटीएक्स १६५० या कार्डात ८९६, तर आरटीएक्स ३०६० मध्ये ३५८४. पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांचे रंग ठरवणे, व्हिडिओच्या प्रत्येक चौकटीवर (फ्रेमवर) तोच परिणाम चढवणे, अशी एकसारखी कामे ते एकाच वेळी करतात. दुसरा फरक स्मृतीचा आहे. अंगभूत ग्राफिक्सला संगणकाची साधी रॅम प्रोसेसरबरोबर वाटून घ्यावी लागते. चौथ्या पिढीच्या यंत्रात डीडीआर३-१६०० रॅमच्या दोन पट्ट्या असल्या तरी त्यांतून सेकंदाला फार तर २५.६ जीबी माहिती वाहते, आणि पट्टी एकच असेल तर त्याच्या निम्मी. जीटीएक्स १६५० च्या स्वतःच्या स्मृतीचा वेग सेकंदाला १२८ जीबी आहे. अंगभूत ग्राफिक्स मागे पडते त्याचे मोठे कारण इथे आहे.

यावरूनच कोणाला कार्डाची गरज नाही तेही कळते. ऑटोकॅडमधले द्विमितीय नकाशे, कोरलड्रॉमध्ये केलेले फ्लेक्स आणि लग्नपत्रिका, टॅली, एक्सेल, ऑनलाइन फॉर्म भरणे, या कामांत कार्डाने डोळ्यांना दिसेल असा फरक पडत नाही. तिथे एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) आणि रॅमची दुसरी पट्टी यांवर केलेला खर्च कितीतरी अधिक उपयोगी पडतो. ज्या संगणकात अजून फिरणारी हार्डडिस्क आहे त्यात कार्ड घालण्याआधी एसएसडी घालावी, असा सल्ला मी कोणताही आडपडदा न ठेवता देईन. त्रिमितीय खेळ, व्हिडिओ मिक्सिंगमधील रंगसुधारणा व परिणाम, ब्लेंडर किंवा रेव्हिटसारखी त्रिमितीय कामे, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना लागणारे मशीन लर्निंग, ही कार्डाची खरी क्षेत्रे आहेत.

काम त्या क्षेत्रातले असले तरी अडथळा नेमका कुठे आहे हे तपासता येते. विंडोज १० मधील टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स या भागात प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि जीपीयू (ग्राफिक्सची चिप) यांचा वापर टक्क्यांत दिसतो. जे काम संथ चालते तेच काम चालू ठेवून हे आकडे पाहावेत. जीपीयू शंभर टक्क्यांना टेकलेला आणि प्रोसेसर निवांत असेल तर कार्डाचा फायदा नक्की होईल. उलट प्रोसेसरच पूर्ण भरलेला असेल तर नवे कार्ड त्याच्या तोंडाकडे पाहत बसेल, कारण खेळातली प्रत्येक चौकट आधी प्रोसेसर तयार करतो आणि मगच ती रंगवायला कार्डाकडे जाते. खेळांसाठी आणखी एक सोपी कसोटी आहे: खेळाचे रिझोल्यूशन मुद्दाम कमी करून पाहावे. तरीही चौकटींची संख्या वाढली नाही तर अडथळा प्रोसेसरचा आहे. दोन कोअरच्या जुन्या आय३ वर महागडे कार्ड बसवणे म्हणूनच व्यर्थ ठरते.

आता एसएमपीएस. माझ्या दृष्टीने हा या सगळ्या निर्णयाचा कणा आहे आणि खरेदीत सर्वाधिक दुर्लक्ष त्याच्याकडेच होते. विहिरीवर साडेसात अश्वशक्तीची मोटार बसवायची असेल तर शेतकरी आधी केबलची जाडी आणि डीपीवरचा भार विचारात घेतो. मोटार किती पाणी फेकते हे त्यानंतर. कार्डाचेही तसेच आहे. बारा व्होल्टच्या वाहिनीवर किती भार पेलला जाईल हे एसएमपीएसच्या लेबलवर अँपिअरमध्ये लिहिलेले असते. त्या आकड्याला बाराने गुणावे. कॅबिनेटबरोबर आलेल्या स्वस्त एसएमपीएसवर ठळक अक्षरांत ४५० वॉट छापलेले असते, परंतु बारा व्होल्टसमोर १६ अँपिअर लिहिले असेल तर प्रोसेसर आणि कार्ड या दोघांच्या वाट्याला मिळून जेमतेम १९२ वॉट येतात. चौथ्या पिढीचा आय५ पूर्ण भारावर ८४ वॉटपर्यंत घेतो, पंखे व डिस्क वेगळ्या, आणि त्यात १३० वॉटचे कार्ड जोडले की हिशेब तिथेच संपतो. शिवाय कार्डाची मागणी एकसारखी नसते. क्षणभर ती नेहमीच्या आकड्याच्या बरीच वर उसळते आणि अशा क्षणी कमकुवत एसएमपीएस संगणक एकदम बंद पाडतो किंवा पुन्हा सुरू करतो. ग्राहकाला वाटते की कार्ड खराब निघाले.

मदरबोर्डचा स्लॉट स्वतः कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देऊ शकतो. त्याहून अधिक लागत असेल तर एसएमपीएसकडून वेगळी तार घ्यावी लागते: सहा पिनांची तार ७५ वॉटसाठी, आठ पिनांची १५० वॉटसाठी. जुन्या संगणकासाठी सर्वांत निर्धोक वर्ग म्हणजे या तारेची गरजच नसलेली कार्डे. जीटीएक्स १६५० च्या अनेक आवृत्त्या ७५ वॉटमध्ये चालतात आणि २०२४ मध्ये आलेले आरटीएक्स ३०५० चे सहा जीबीचे रूप ७० वॉटचे आहे. इथे नाव नीट वाचावे, कारण आठ जीबीचे आरटीएक्स ३०५० हे निराळे कार्ड आहे; ते १३० वॉट घेते आणि त्याला तार लागते. एसएमपीएसमध्ये ती तार नसेल तर दुकानात साटा जोडणीतून तार काढणारा अडॅप्टर दिला जातो. तो घेऊ नये. साटाच्या जोडणीतून बारा व्होल्टवर सुरक्षितपणे ५४ वॉटच जाऊ शकतात, तर सहा पिनांच्या टोकाला ७५ वॉटची अपेक्षा असते. अशा जोडण्या वितळतात आणि प्रसंगी पेट घेतात.

रीफर्बिश्ड म्हणून मिळणारे डेल, एचपी, लेनोव्होचे कार्यालयीन संगणक ही वेगळी गोष्ट आहे. त्यांचे मोठे टॉवर ठीक असतात, परंतु बारीक कॅबिनेटमध्ये अर्ध्या उंचीचेच कार्ड बसते, एसएमपीएस बहुधा २४० वॉटच्या आसपास असतो, आणि त्याचा आकार व मदरबोर्डकडे जाणारी जोडणी कंपनीची स्वतःची असल्यामुळे बाजारातला साधा एसएमपीएस त्यात थेट बसत नाही. काही मॉडेलांत स्लॉटलाही पूर्ण ७५ वॉट मिळत नाहीत. त्या मॉडेलची पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून हा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

विजेच्या बाबतीत गावातला आणि शहरातला प्रश्न सारखा नाही. गावात संध्याकाळी दाब बराच खाली येतो. लेबलवर १०० ते २४० व्होल्ट असा पल्ला लिहिलेला एसएमपीएस ही घसरण सहन करतो; केवळ २३० व्होल्ट लिहिलेला तितका करत नाही. नवा एसएमपीएस घ्यायचाच असेल तर ८० प्लसचे (वीज कमी वाया घालवण्याचे) प्रमाणपत्र असलेला, नामांकित बनावटीचा ४५० ते ५५० वॉटचा घ्यावा. कार्ड एक पायरी खालचे घ्यावे लागले तरी चालेल, कारण हा एसएमपीएस पुढच्या संगणकातही कामी येतो. घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॉटच पुरवतो, हे लक्षात घेऊन त्यावरचा एकूण भार मोजावा. अर्थिंग नीट नसलेल्या घरात कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. तिथे कार्डाआधी वायरमनला बोलवावे.

स्लॉटविषयी थोडक्यात सांगतो. कार्ड आणि प्रोसेसर यांच्यामधल्या वाटेला पीसीआय एक्सप्रेस म्हणतात. इंटेलच्या दुसऱ्या पिढीपर्यंत तिची २.० ही आवृत्ती होती, तिसऱ्या पिढीपासून म्हणजे २०१२ पासून ३.० आली आणि ४.० आवृत्ती इंटेलच्या डेस्कटॉपवर २०२१ मध्ये अकराव्या पिढीत पोहोचली. नव्या आवृत्तीचे कार्ड जुन्या स्लॉटमध्ये चालते, फक्त वेग जुन्या स्लॉटचा मिळतो. अडचण होते ती कमी लेन, म्हणजे माहिती वाहणाऱ्या कमी मार्गिका, असलेल्या कार्डांची. सोळा लेनच्या ३.० स्लॉटमधून सेकंदाला सुमारे १६ जीबी माहिती जाते, आठ लेनमधून ८ आणि चार लेनमधून केवळ ४. एएमडीचे आरएक्स ६४०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी ही कार्डे चार लेनचीच आहेत. नव्या संगणकात ती खपून जातात, पण जुन्या संगणकात त्यांची चार जीबी स्मृती भरली की रॅमकडे जाण्याची अरुंद वाट त्यांना रखडवते. त्यातच या दोन्ही कार्डांत व्हिडिओ एन्कोड करणारा, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल बनवणारा, भाग दिलेलाच नाही, त्यामुळे मिक्सिंगवाल्याने तर त्यांचा विचारही करू नये. इंटेलची आर्क कार्डे व्हिडिओसाठी गुणी आहेत, मात्र त्यांना पूर्ण वेग मिळण्यासाठी रिसायझेबल बार ही सोय (प्रोसेसरला कार्डाची सगळी स्मृती एकदम वापरू देणारी) मदरबोर्डवर लागते आणि ती चौथ्या-सहाव्या पिढीच्या बोर्डांवर सहसा नसते. खूप जुन्या बोर्डावर जुन्या पद्धतीचा बायोस (संगणक सुरू करणारी बोर्डावरची प्रणाली) असेल तर नवे कार्ड लावल्यावर पडदा काळाच राहू शकतो. विंडोजमध्ये एमएसइन्फो३२ चालवून बायोस मोडसमोर यूईएफआय, म्हणजे नवी पद्धत, लिहिलेले आहे का, हे आधीच पाहून ठेवावे.

उन्हाळ्याचा मुद्दा पुस्तकी परीक्षणांत कधीच सापडत नाही, कारण ती परीक्षणे वातानुकूलित खोलीत होतात. कार्डाचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक कार्डाने स्वतः निर्माण केलेली वाढ. पंचवीस अंशांच्या खोलीत जे कार्ड ६८ अंशांवर स्थिर राहते, तेच मे महिन्यात भुसावळच्या बेचाळीस अंशांच्या खोलीत ८५ च्या घरात जाते. बाहेर पारा ४५ वर असताना पत्र्याच्या छताखालच्या स्टुडिओत याहून वाईट स्थिती असते. ८३ ते ९० अंशांच्या आसपास बहुतेक कार्डे आपला वेग आपोआप कमी करतात, म्हणजे अधिक वेगासाठी मोजलेले पैसे नेमके लग्नसराईच्या हंगामात वाया जातात. म्हणून आपल्याकडे कमी वॉटचे कार्ड हा नुसता काटकसरीचा भाग नाही. तेच कार्ड वर्षभर सारखे चालते. १७० वॉटचे कार्ड घ्यायचे असेल तर दोन पंख्यांचे घ्यावे आणि कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला आत हवा ओढणारा १२० मिलिमीटरचा पंखा आवर्जून बसवावा. काही शे रुपयांच्या या पंख्याइतका परिणाम दुसऱ्या कोणत्याही स्वस्त वस्तूने होत नाही.

धूळ हा याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या परिसरात हवेत तरंगणारे तंतू कार्डाच्या हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये थर धरतात आणि तो थर साध्या धुळीसारखा फुंकून निघत नाही. दिवाळीनंतर एकदा आणि मार्चमध्ये एकदा ब्लोअरने सफाई करावी. ती करताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, म्हणजे ते भरधाव फिरून पंखा खराब होणार नाही. कूलरमुळे खोली थंड होते हे चांगलेच, पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये, कारण त्या दमट हवेत धूळ घट्ट चिकटून बसते.

एवढे पाहून झाल्यावर कार्डाची निवड सोपी होते. एसएमपीएस तोच ठेवायचा असेल आणि घरात खेळ व थोडेफार संपादन होणार असेल तर सहा जीबीचे आरटीएक्स ३०५० हे माझ्या मते आज सर्वांत समंजस उत्तर आहे. त्याला आठ लेन आहेत, त्यामुळे ३.० स्लॉटमध्ये त्याचे नुकसान किरकोळ होते. चांगला एसएमपीएस बसवण्याची तयारी असेल तर १३२ वॉटचे आरएक्स ६६०० खेळांसाठी, आणि ११५ वॉटचे आरटीएक्स ४०६० खेळ व संपादन दोन्हींसाठी विचारात घेता येते. दोन्हींत आठ जीबी स्मृती आहे. मात्र चार कोअरच्या प्रोसेसरवर याच्या वर चढण्यात अर्थ नाही.

मशीन लर्निंग शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा निकष वेगळा आहे. त्याच्या अभ्यासक्रमातली बहुतेक साधने एनव्हिडियाच्या कुडा या प्रणालीवर चालतात आणि त्याला वेगापेक्षा स्मृती जास्त लागते, कारण मॉडेल स्मृतीत मावलेच नाही तर ते चालतच नाही. बारा जीबीचे आरटीएक्स ३०६० जुने असूनही त्याच्यासाठी अजून योग्य आहे, फक्त ते १७० वॉट घेते हे विसरू नये. कुडाच्या तेराव्या आवृत्तीने जीटीएक्स १० मालिकेचा आधार काढून घेतला आहे, म्हणून स्वस्त मिळते एवढ्यावर जीटीएक्स १०५० टीआय किंवा १०६० घेणे त्याने टाळावे.

लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांसाठी थोडे सविस्तर लिहिणे गरजेचे आहे. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत ४:२:२ १०-बिट एच.२६५ असा, रंगांची अधिक माहिती साठवणारा, चित्रणाचा पर्याय असतो आणि रंग चांगले मिळतात म्हणून तो निवडला जातो. ही फाइल उलगडण्याची हार्डवेअर सोय एनव्हिडियाच्या २०, ३० आणि ४० मालिकांत नाही. ती ५० मालिकेत आली. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये मात्र ती आधीपासून आहे. त्यामुळे आरटीएक्स ४०६० बसवूनही टाइमलाइन अडखळते आणि संपादक चक्रावतो. जुन्या संगणकावर यावरचा उपाय पैशांचा नाही: चित्रणाच्या हलक्या प्रॉक्सी फाइल रात्रीतून तयार करून घ्याव्यात आणि संपादन त्यांवर करावे, किंवा चित्रण रंगांची कमी माहिती ठेवणाऱ्या ४:२:० मध्ये करावे. साध्या ८-बिट एच.२६४ चित्रणासाठी तर इंटेलचे अंगभूत ग्राफिक्सही उपयोगी असते. कार्ड बसवल्यावर अनेक बोर्ड ते आपोआप बंद करतात, तेव्हा बायोसमध्ये जाऊन ते पुन्हा चालू करावे.

वापरलेले कार्ड घेण्यात गैर काही नाही, पण तपासणी कडक हवी. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (गणिते सोडवून चलन मिळवणे) कार्डांवर चालणे बंद झाले आणि रात्रंदिवस राबवलेली कार्डे बाजारात आली. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये घ्या की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवा, कार्ड आपल्यासमोर संगणकात लावून किमान अर्धा तास भाराखाली चालवायला सांगावे. जीपीयू-झेड हे विनामूल्य साधन कार्डाची खरी ओळख दाखवते. आरएक्स ५८० च्या नावाखाली २३०४ ऐवजी २०४८ कोअरचे रूप सर्रास विकले जाते आणि जुन्या चिपवर जीटीएक्स १०५० टीआयचे बायोस चढवलेली बनावट कार्डेही फिरतात. यातली बरीच कार्डे या साधनात पकडली जातात. नवे कार्ड मात्र जीएसटीच्या पक्क्या बिलानेच घ्यावे आणि बिलावर अनुक्रमांक लिहून घ्यावा, कारण वॉरंटीच्या वेळी त्याचीच विचारणा होते.

कार्ड किती वर्षे अद्ययावत राहील, हाही किमतीचाच भाग आहे. एनव्हिडियाने जीटीएक्स ९०० आणि १० मालिकांसाठी खेळांचे नवे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत देण्याचे जाहीर केले. एएमडीनेही आरएक्स ४०० व ५०० मालिका २०२३ मध्ये मुख्य ड्रायव्हरपासून वेगळ्या काढल्या. दुसरीकडे विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच चालते. चौथ्या पिढीच्या यंत्रावर किती खर्च करायचा, याचा विचार यामुळे बदलतो. मी एवढेच म्हणेन की पुढच्या संगणकात जे काढून नेता येईल, म्हणजे कार्ड, एसएमपीएस आणि एसएसडी, त्यावर खर्च करावा. जुन्या मदरबोर्डसाठी वरच्या दर्जाचा प्रोसेसर किंवा डीडीआर३ रॅमच्या महागड्या पट्ट्या शोधत बसू नये.

मॉनिटरकडेही एकदा पाहावे. नव्या कार्डांवर व्हीजीए जोडणी नसते, तेव्हा जुन्या मॉनिटरसाठी एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा सक्रिय कन्व्हर्टर लागतो. मॉनिटर १०८० पिक्सेलपेक्षा कमी क्षमतेचा असेल तर कार्डाची बरीच ताकद दिसणारच नाही.

कार्ड बसल्यावर मॉनिटरची केबल मदरबोर्डवरून काढून कार्डाला जोडली आहे ना, हे पाहावे. मग एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारे साधन चालू ठेवून दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, दारे-खिडक्या नेहमीप्रमाणे ठेवून, अर्धा तास जड काम करावे. भाराखाली संगणक आपोआप बंद पडला किंवा पुन्हा सुरू झाला तर संशय आधी एसएमपीएसवर घ्यावा, कार्डावर नंतर. तापमान ८५ च्या वर गेले तर कॅबिनेटची बाजूची झडप काढून तीच चाचणी पुन्हा करावी. झडप काढल्यावर तापमान आठ-दहा अंशांनी उतरले तर दोष कार्डाचा नाही, हवा आत येत नाही, आणि ती आणण्यासाठी पुढचा पंखा बसवावा. ही चाचणी दुकानदाराने दिलेल्या बदलीच्या मुदतीतच करून घ्यावी.